आप्पांची बिनआवाजाची केबल

"हालवा. आधी हालवून बघा, मंग बोला."

केडगाव स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आप्पांचं दुकान होतं आणि तिथं पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हे ऐकावं लागायचं. केबल हातात आली की तिची पिन चिमटीत धरून आप्पा अशी गदागदा हलवायचे, की केबलीलाच चक्कर यावी. खुर्ची दिली तर बसण्याआधी खुर्ची हलवायचे. चहा आला की कपाचा कान धरून कप हलवायचे, त्यामुळे त्यांचा एकही सदरा चहाच्या डागावाचून राहिलेला नव्हता. नवा माणूस भेटला, की त्याचा हात हातात घेऊन पार खांद्यापर्यंत हलवायचे. तो माणूस पायरी उतरतो न उतरतो तोच निकाल लागायचा, "जॉइंट ढिला हाय गड्याचा."

आप्पा अंगानं लहान आणि बोलण्यात मोठे. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि चष्म्यावर दोऱ्यानं बांधलेलं आणखी एक भिंग. त्यांच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात गेलेला. आप्पांनी मेंढरं सोडली, पण राखणीची सवय सोडली नाही. दुकान बंद करताना भिंतीवर टांगलेल्या केबलींवरून एकदा नजर फिरवायचे आणि एखादी दिसली नाही, तर टेबलाखाली वाकून "हुर्र, हुर्र" करत तिला शोधायचे.

त्यांचे धंदे दोन. एकाची पाटी दुकानावर होती: साऊंड, रेडिओ, केबल दुरुस्ती. दुसऱ्याला पाटी नव्हती, पण कासुर्डीपासून दौंडपर्यंत तो सगळ्यांना माहीत होता. आप्पा लग्नं जमवायचे. तुम्हीही अशी दोन धंद्यांची माणसं पाहिली असतील. न्हावी असून बैलांचा सौदा करणारे, पोस्टमन असून विमा विकणारे. पण त्यांच्या डोक्यात धंद्यांचे दोन वेगळे खण असतात. आप्पांच्या डोक्यात मधली फळीच नव्हती. एकदा खुटबावची एक बाई मुलीचा फोटो घेऊन दुकानात शिरली, तेव्हा आप्पा कुणाला तरी तावातावानं सांगत होते, "वरनं गोरी हाय वो, पर आतनं काय न्हाई! दोन दिसांत मान टाकंल!" बाई फोटो पदराखाली झाकून आल्या पावली परत गेली. आप्पांच्या हातात पांढरी केबल होती.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची अल्लड पोर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. घरात सगळ्यांनी माझ्या रिकाम्या वेळाची परस्पर वाटणी करून टाकली होती. थोरल्या सुनेला पापड हवे होते, धाकटीला तिची पोरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि यांना दिवसातून पाच वेळा चहा. मी काय केलं, तर शिडी लावली आणि माळ्यावर धूळ खात पडलेली धाकट्याची इलेक्ट्रिक गिटार खाली काढली. नोकरी लागल्यावर त्यानं तिच्याकडं वळून पाहिलं नव्हतं.

मोबाईलवर बघून बघून मला तीन सूर धरता यायला लागले. तीन! त्या तिघांच्या जिवावर मी गॉगल लावून आरशासमोर उभी राहायची. नऊवारी नेसावी की जीन्स घालावी, असा गंभीर प्रश्न मला तेव्हा पडला होता. आज ती बया मला रस्त्यात भेटली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

गिटारीची केबल मात्र उंदरांनी कुरतडलेली होती. मी डोकं लढवलं. आमच्या शेजारच्या मंडपवाल्याकडून स्पीकरची वायर मागून आणली, दोन्ही टोकांना पिना बसवून घेतल्या आणि अँप्लिफायरला जोडली. अशी घरघर सुरू झाली, की समोरच्या घरातली म्हातारी जोंधळ्याचा डबा घेऊन दळायला आली.

हे म्हणाले, "तुझ्यापेक्षा उंदीर बरा वाजवत होता."

तर ती वायर घेऊन मी आप्पांकडं गेले. त्यांनी ती हलवली, वासही घेतला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी वर्गात च्युइंगम खाणाऱ्या पोराकडं पाहायची.

"बाई, ही स्पीकरची वायर हाय."

"वायर ती वायर. वीज जाते ना यातून?"

"वीज जाती. पर गिटारीचा आवाज कसा असतो? नव्या सुनंचा असतो तसा. बारीक. तिच्याभवती घरच्यांनी कडं करावं लागतं, न्हाईतर भाईरचं सगळं गाव तिच्या तोंडानं बोलतं." मग त्यांनी एका चांगल्या केबलीचं टोक सोलून दाखवलं. मधे बारीक तार, तिच्यावर रबर आणि त्याच्याभोवती तांब्याची घट्ट विणलेली जाळी. "ही जाळी म्हंजी खानदान. स्पीकरच्या वायरीला ती नसतीच. तिच्यातनं जानारा आवाज आधीच दांडगा असतो, त्याला कुनाची गरज न्हाई. तुमच्यावानी."

मी तिथल्या तिथं त्यांची गिऱ्हाईक झाले.

चांगली केबल कशी निवडायची, याचं आप्पांचं शास्त्र सगळं सोयरिकीचं होतं. पिनेचं झाकण फिरवून उघडलं पाहिजे, ओतीव नको. "झाकन उघडत न्हाई म्हंजी आत लपवायसारखं काय तरी हाय." केबल बोटाला गुंडाळून सोडली की मुकाट सरळ झाली पाहिजे. "पीळ धरून बसनारी नगं, जलमभर भांडंल." आणि लांबी बेताची. मला दहा मीटर हवी होती, कारण वाजवत वाजवत बैठकीतून स्वयंपाकघरात जायचं आणि भाजी हलवून परत यायचं, असा माझा कार्यक्रम ठरलेला होता.

"सहा मीटरच्या आत घ्या. लांब गेला की आवाज दमतो. वरचा वरचा बारीक सूर तर पोचतच न्हाई." मग मागं वळून पाहत म्हणाले, "लेक लांब दिली तर तिची हाक हितवर यील का?"

मागं त्यांची लेक बसलेली असायची. वैशू. आई लहानपणीच गेलेली, तेव्हापासून ही दुकानातच वाढली. हातात सोल्डरगन, कपाळावर केसांची बट आणि तोंडावर कायम दाबलेलं हसू. खरं सांगायचं तर दुकान तीच चालवत होती. आप्पांना आता झाळ लावताना काही दिसायचं नाही. त्यांनी लावलेली झाळ गुळाच्या खड्यासारखी ओबडधोबड, वैशूची ज्वारीच्या दाण्यासारखी गोल आणि चकचकीत. पण गिऱ्हाईकापुढं दोन्हींचं नाव एकच, "आपला जॉइंट."

आप्पांचं सगळंच खरं असायचं असंही नाही. लाल केबल डोक्यानं तापट असते, असं त्यांचं ठाम मत. अमावास्येला केबल विकली तर ती उभ्या जन्मात सरळ गुंडाळली जात नाही, हेही.

"आप्पा, रंगाचा काय संबंध?" वैशू मागून म्हणायची.

"तू झाळ लाव गप."

शेवटची परीक्षा सगळ्यांत अवघड. केबलीचं एक टोक अँप्लिफायरला, दुसरं गिटारीला. अँप्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवायचा, तारांवर तळहात ठेवायचा आणि वाजवायचं नाही.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"हां! ह्याला म्हनत्यात केबल." आणि आप्पा डोळे मिटून ते काही नाही मन लावून ऐकत बसायचे. देवळात कीर्तनाला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी एवढं समाधान पाहिलेलं नाही. मग मी हौसेनं गिटार छेडली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा पेढ्यात दाताखाली खडा आला.

"झालं वाजवून? मंग ठिवा हात परत."

त्यांच्या दुकानात अगदी वरच्या फळीवर एक रीळ होतं. जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं. मुंबईचा कुठला तरी जुना स्टुडिओ मोडला, तिथून आणलेली काळी जाड केबल. महिन्यातून एकदा आप्पा ते खाली काढायचे, सदरा बाजूला करायचे, हात फिरवायचे आणि परत वर ठेवायचे. मी कितीदा मागितली.

"ती द्यायची न्हाई."

"मग काय तिचं लोणचं घालणार?"

"वाजवनारं मानूस यिऊ द्या."

"आणि मी काय करते मग?"

"तुम्ही व्हय? तुम्ही करमनूक करता."

एवढ्यावर दुसरी कुणी असती तर दुकान बदललं असतं. मी रोज जायला लागले.

आता लग्नाच्या बाजारातली त्यांची रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. मुलगी बघायला येणाऱ्या लोकांनी मुलीला स्वयंपाक येतो का, चालून दाखव, असले प्रश्न विचारलेले आप्पांना खपत नसत. त्यांनी उलटा नियम केला होता. मुलानं येताना आपल्या कामाचं हत्यार घेऊन यायचं आणि आप्पा ते तपासणार. शिंप्यानं कात्री आणायची. ड्रायव्हरनं गाडी आणायची, आणि आप्पा गाडीचा आरसा हलवून बघायचे. एका ग्रामपंचायतीच्या कारकुनानं पेन आणलं, ते उमटेना, लग्न मोडलं. पोल्ट्रीवाला एक कोंबडा घेऊन आला. आप्पांनी कोंबड्यालाही हलवून पाहिलं. कोंबड्यानं आप्पांना हलवून पाहिलं. पुढं पंधरा दिवस त्यांच्या बोटाला पट्टी होती, पण ते लग्न झालं आणि सुखाचं झालं.

तालुक्यातल्या पोरींची लग्नं अशी भराभर जमत होती आणि घरची वैशू तशीच होती. तिला सांगून येणारा प्रत्येक जण आप्पांच्या हातात ढिला पडायचा. एकाचा स्क्रूड्रायव्हर गंजलेला, एकाची तराजू खोटी, एकाचं सगळं चांगलं, तर "लई चांगलं हाय, एवढं चांगलं कसं?"

एका दुपारी आप्पा बाहेर गेले होते, तेव्हा वैशूनं सोल्डरगन खाली ठेवली.

"बाई, शिरूरचा एक जण हाय. दीपक."

मी गिटारच खाली ठेवली.

दीपक शिरूरजवळच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होता आणि रविवारी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एकदा दौंडला कार्यक्रम होता, तेव्हा वाटेत पिन सुटली म्हणून तो दुकानात शिरला. वैशूनं जोडून दिली. पुढच्या रविवारी परत सुटली. त्याच्या पुढच्या रविवारी परत.

"दर रविवारी? तुझा जॉइंट?" मला हे पटेना.

वैशू बोटानं टेबलावर रेघा ओढायला लागली. "मीच जरा कच्ची झाळ लावत होते."

मी इतकी हसले, की समोरचा रसवंतीवाला उठून बघायला आला.

"आणि आता?"

"आता पक्की करून दिलीया. त्यानं लग्नाचं विचारलं, त्या दिवशी."

पण पुढचं ती हसत बोलली नाही. दीपकच्या आईनं दुसरी एक मुलगी बघून ठेवली होती आणि दिवाळीपर्यंत हो किंवा नाही सांग म्हणून पोराच्या मागं लागली होती. इकडं आप्पांनी नाही म्हटलं, तर वैशू पळून जाणार नव्हती. "आप्पांना आता पिनंचं भोकसुदीक दिसत न्हाई, बाई. त्यांना नाराज करून मी कुठं जाऊ? त्यांनी नापास केला, की माझ्याकडनं बी संपलं."

आता बघा, या ठिकाणी एखादी शहाणी बाई काय करेल? आप्पांशी चार शब्द बोलेल. पण मी शहाणी नव्हते, मी गिटारवादक होते. मी परीक्षेचा पेपरच आधी फोडायचं ठरवलं. आप्पा केबल तपासणार ना? मग पोराला अशी केबल द्यायची, की आप्पांनी उठून नमस्कार केला पाहिजे. माझ्याकडं होती तशी. मी आप्पांना चोरून ऑनलाइन मागवलेली. पिनांना सोन्याचा मुलामा, अंगावर जांभळ्या रेशमी धाग्यांचं विणकाम आणि ठेवायला मखमलीची पेटी. तशी पेटी मला माझ्या मंगळसूत्राबरोबरसुद्धा मिळाली नव्हती.

बघण्याच्या दिवशी दीपक आधी आमच्या घरी आला. उंच, लाजरा, बोलताना कान लाल होणारा. पिशवीतून त्यानं आपली केबल काढली. काळी, मळकट, सुतळीच्या वेटोळ्यासारखी.

"शी! ठेव ती आत. ही घे."

"पर बाई, ती वैशूनं..."

"मी पस्तीस वर्षं शिकवलंय. घे म्हणते ना?"

पोरानं घेतली. शिक्षिकेला नाही म्हणणारी पिढी अजून जन्माला यायची होती.

संध्याकाळी दुकानात सगळे जमले. दीपकची आई, तिचा भाऊ, म्हणजे दीपकचा मामा, मी आणि मागं सोल्डरगन हातात धरून उभी वैशू. पोहे झाले. आप्पांनी सदरा धुतलेला घातला होता आणि पहिल्याच कपात त्यावर डाग पाडून मोकळे झाले होते. मामांनी स्वतःच्या शेतीचं काढलं. त्यांच्याकडं सगळा कांदा होता आणि तो अजून कांदाचाळीत पडून होता, एवढं दोनदा सांगून झालं.

"हं. काढा हत्यार," आप्पा म्हणाले.

दीपकनं मखमलीची पेटी उघडली. त्याची आई खूश झाली. मी तर छातीच पुढं काढली. आप्पांनी पिन चिमटीत धरली आणि हलवली. झाकण फिरवून बघितलं, ते फिरेना. एक टोक अँप्लिफायरला, दुसरं गिटारीला. आवाज पूर्ण. दीपकनं तारांवर तळहात ठेवला.

आधी थोडं खरखरलं. मग घसा साफ केल्यासारखं झालं. आणि मग त्या मोठ्या अँप्लिफायरमधून एका बाईंचा खणखणीत, सरकारी आवाज आला, "...कांद्याची आवक आज वाढली असून..."

रेडिओ! माझ्या सोन्याच्या केबलीनं रेडिओ पकडला होता. शेतकऱ्यांचा कार्यक्रम.

दीपकनं घाबरून तारा आणखी घट्ट दाबल्या. बाई थांबेनात. कांद्यानंतर बटाट्यावर आल्या.

"आरं थांब की!" मामा खुर्ची ओढून स्पीकरला कान लावून बसले. "कांदा परत सांगत्यात का बघ! तो हात हालवू नगंस!"

आप्पांनी बटन बंद केलं. पकड घेऊन केबल मधोमध कापली. रेशीम बाजूला केलं. आत जाळी कसली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर उरावेत तसे चार केस.

"बाई," आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो माल तुमचा."

"कशावरून?"

"एवढं नटल्यालं तालुक्यात दुसरं कोन हाय?"

मग ते उठले. टोपी सारखी केली. "पावनं, राग मानू नगा. पोरगं चांगलं आसंल. पर ज्याला आपल्या केबलीची पारख न्हाई..." आणि पुढं बोलायची गरज नव्हती. दीपकची आई पदर सावरून उठायला लागली. वैशूच्या हातातली सोल्डरगन टेबलाच्या कडेला टेकली होती आणि लाकूड जळल्याचा वास येत होता, पण ते तिच्या लक्षात नव्हतं. आयुष्यात मी पहिल्यांदा आणि शेवटचं गप्प बसले होते.

"आप्पा," दीपक म्हणाला. त्याचे कान जळत होते. "ती माझी न्हाई. माझी ही हाय."

त्यानं पिशवीतून ती काळी केबल काढून टेबलावर ठेवली.

आप्पा बसले. पिन धरली. हलवली. परत हलवली. उभं राहून हलवली. कोंबड्यालासुद्धा त्यांनी एवढं हलवलं नव्हतं. मग जोडली, आवाज पूर्ण वाढवला.

काही नाही.

बाहेरून एक रिक्षा गेली. स्टेशनात गाडी थांबल्याचा आवाज आला. आत काही नाही. दीपकची आई, मी, वैशू, सगळ्या श्वास धरून काही नाही ऐकत होतो. मामा तेवढे जरा हिरमुसले. आप्पांचे डोळे आपोआप मिटले आणि तोंडावर तो कीर्तनातला आनंद पसरला.

मग त्यांचा एक डोळा उघडला. केबल त्यांनी दोन बोटांमध्ये फिरवली. नाकाला लावली. पिनेचं झाकण फिरवून काढलं, चष्म्यावरचं भिंग पुढं ओढलं आणि बराच वेळ आत बघत बसले. ज्वारीचा दाणा आम्हाला लांबूनही चमकताना दिसत होता. मग आप्पांनी मान वर केली आणि सावकाश वरच्या फळीकडं पाहिलं. सदऱ्यात गुंडाळलेल्या रिळाकडं.

"वैशे."

"आं, आप्पा."

"किती कापली?"

"लागली तेवढी."

"लागली तेवढी म्हंजी?"

"पाच मीटर."

आप्पा स्वतःशीच म्हणाले, "सहाच्या आत ठिवली."

दीपकच्या आईला यातलं काही कळलं नव्हतं. "दादा, आमाला शिरूरची यष्टी गाठायचीय. पोरगं पास का नापास, तेवढं सांगा."

आणि मी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. माणूस जन्मभर एकच गोष्ट खरी मानून जगला आणि तिनंच त्याला कोपऱ्यात गाठलं, हे असं समोर बघायला मिळत नाही. केबल वाईट म्हणावी, तर ती तालुक्यातली सगळ्यांत चांगली केबल. जॉइंट ढिला म्हणावा, तर तो पोरीचा. आणि लेक शिरूरला गेली, तर पिनेचं भोक कोण बघणार?

"माल माझा," ते शेवटी म्हणाले. "झाळ माझ्या लेकीची. मी नापास करू कुनाला?"

वैशूनं पदर तोंडाला लावला. दीपकला वाटलं, आता आपणही काही तरी केलं पाहिजे. त्यानं गिटार सरसावली. "आप्पा, वाजवून दाखवू का?"

"नगं नगं!" आप्पांनी दोन्ही हात पुढं केले. "चांगलं चाललंय. वाजवू नगंस."

पाहुणे गेल्यावर आप्पांनी वैशूकडून शिडी लावून ते रीळ खाली काढून घेतलं. मांडीवर घेऊन बसले. सदऱ्याची बटनं लावत आणि काढत राहिले.

"शिरूर किती लांब हो, बाई?"

"फार नाही. सकाळी निघाला तर जेवायला तिथं."

"आवाज यील म्हना."

"न यायला काय झालं? तिला म्हणावं, जोरात ओरड."

त्यावर ते हसले नाहीत. रीळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ह्याच्यातली काय ऱ्हायलीया ती तुमी घ्या. कुनी तरी बिघडवल्याबिगर मला करमायचं न्हाई." आता कुणी म्हणेल, त्या सोन्याच्या केबलीनं मी घोटाळा केला. मुळीच नाही. ती नसती तर काळ्या केबलीची किंमत कुणाला कळली असती? आणि मामांनी दुसऱ्या दिवशी कांदा विकायला काढला, त्याचं श्रेय कुणाला जातं?

लग्न दिवाळीनंतर झालं. मग काही दिवस वैशू आठवड्यातून एकदा यायची आणि साठलेलं काम उरकून जायची. मधल्या दिवसांत आप्पा गिऱ्हाइकांना नुसतं केबल हलवून परत पाठवायचे. हळूहळू त्यांनी दुकानच आवरलं आणि शिरूरला लेकीकडं राहायला गेले. त्या जागी आता मोबाईलची काच बदलून मिळते. तिथला माणूस भला आहे, हसून बोलतो आणि जे मागाल ते देतो. मला तो मुळीच आवडत नाही.

गेल्या थंडीत आप्पा गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरला, दीपकच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता तेव्हा. दुपारी मैदानात साऊंड टेस्टिंग चाललं होतं. दोन्ही बाजूला स्पीकरच्या भिंती, ढोलाचे दणके, दीपकची गिटार अशी किंचाळत होती की माझ्या पायाखालची जमीन हलत होती. लांब बाभळीवरचे बगळे उठून गेले होते. स्टेजच्या अगदी पुढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर वैशूची पोर हात-पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपली होती.

मी जवळ जाऊन, हाताचा कर्णा करून, जिवाच्या आकांतानं ओरडले, "आप्पा! कसे आहात?"

आप्पांनी दचकून ओठांवर बोट ठेवलं. पोरीच्या कानावर आपली टोपी आडवी धरली आणि त्या सगळ्या गदारोळात माझ्याकडं रागानं बघत म्हणाले,

"हळू बोला की, बाई. पोरगी उठंल."